प्रवरातीरीचा कागदाविना इतिहास

( १ )

इतिहास हा शब्द उच्चारला की आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थाच्या मनापुढे प्रथम कागद उभा राहतो. मोडी लिपीतील पत्र, बखर, महजर, शकावली, फार तर एखादा ताम्रपट किंवा शिलालेख; यांपैकी काही हाती असेल तर इतिहास, नसेल तर दंतकथा, अशी आपल्या मनाने एक वाटणी करून टाकली आहे. ही वाटणी निष्कारण झालेली नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळली, १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि त्या पिढीच्या परिश्रमांनी महाराष्ट्रात जुन्या कागदास जे मोल आले ते सर्वथा योग्यच होते. परंतु कागदास मोल देता देता ज्यांनी कागद लिहिला नाही त्यांस आपण इतिहासातून वगळून टाकले, हेही तितकेच खरे आहे.

आपणांस वाचता येईल असे अक्षर या भूमीवर उमटण्यापूर्वी हजार-बाराशे वर्षे माणसे येथे घरे बांधून राहत होती. ती शेते नांगरीत होती, मडकी भाजीत होती, मुले जन्मास घालीत होती व त्यांतील पुष्कळशी मुले पुरीतही होती. त्यांतल्या एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही. असे असूनही ही माणसे काय जेवत होती, त्यांच्या मुलांची वाढ कधी खुंटत होती, त्यांच्या गळ्यातील दोरा कशाचा होता, हे आज आपण पुष्कळशा खात्रीने सांगू शकतो. पेशवाईतील एखाद्या सामान्य कुणब्याच्या घरातील पोरासंबंधी इतके सांगता येणे कठीण पडेल! हे ज्ञान आले कोठून? कोण्या एका इतिहासकाराने ते मिळविले नाही. वैद्य, धातुशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ, भूगर्भशास्त्रज्ञ, दंततज्ज्ञ, इतकेच नव्हे तर कापसाचा तंतू तपासणारे तज्ज्ञ, अशा नाना विद्यांच्या उपासकांनी एकत्र येऊन तो इतिहास लिहिला आहे. आणि त्याची पहिली पाने ज्या भूमीत उलगडली ती भूमी कोणती म्हणाल, तर अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे २०२४ सालापासून ज्यास आपण अहिल्यानगर म्हणतो त्या जिल्ह्यातील, प्रवरा नदीचे काठ.

( २ )

प्रवरा अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात उगम पावते. उगमापाशी सह्याद्रीवर पाऊस मुसळासारखा कोसळतो. परंतु नदी पूर्वेस उतरू लागली की ढग मागेच राहतात, आणि संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे असे तालुके ओलांडून ती प्रवरासंगमास गोदावरीस मिळते तोवर ती अवर्षणाच्या मुलखात येऊन पोहोचलेली असते. दूरच्या डोंगरातील पावसाचे पाणी कोरड्या देशात आणून सोडणारी ही नदी. तिच्या दोन्ही काठांवर काळी कसदार जमीन आहे, आणि त्या काळीत मधूनमधून पांढरीची टेकाडे आहेत. 'काळी' आणि 'पांढरी' हा भेद आपल्या शेतकऱ्यास पूर्वापार ठाऊक आहे. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. जेथे माणसांनी शेकडो वर्षे भिंती उभारल्या, पाडल्या, राख टाकली, शेण सारवले, तेथील माती पांढुरकी होते. पुराणवस्तुशास्त्रज्ञाच्या विद्येचे पहिले अक्षर अशा रीतीने आपल्या गावगाड्याच्या भाषेत आधीपासूनच होते. ते वाचणारा मात्र फार उशिरा आला.

पुण्यातील डेक्कन कॉलेज १९३९ साली पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले आणि डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया तेथे दाखल झाले. १९५०-५१ साली त्यांनी व डॉ. शां. भा. देव यांनी संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावी खणावयास आरंभ केला. जोर्वे हे लहानसे खेडे. परंतु त्याचे नाव आज जगातील कोणत्याही पुराणवस्तुशास्त्राच्या ग्रंथात आढळते. तेथे सापडलेल्या तांबड्या, काळ्या रेघांनी रंगविलेल्या मडक्यांसारखी मडकी पुढे महाराष्ट्रभर सापडत गेली, आणि इ. स. पू. १४०० च्या सुमारास भरास आलेल्या त्या सबंध संस्कृतीस 'जोर्वे संस्कृती' हेच नाव पडले.

१९५४ ते १९५६ या वर्षांत सांकलियांनी नेवाशास उत्खनन केले. नेवासे म्हटले की मराठी मनास पैसाचा खांब आठवतो. शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी जेथे गीतेवरील आपली टीका सांगितली ते हे स्थान. त्या पवित्र खांबापासून दूर नसलेल्या टेकाडात खणता खणता संशोधक मुसलमानी अंमलातून सातवाहनांपर्यंत उतरले, सातवाहनांखाली ताम्रपाषाणयुगातील घरांच्या जमिनी लागल्या, आणि नदीच्या जुन्या गाळात तर त्याहूनही अतिप्राचीन, लक्षावधी वर्षांपूर्वीच्या माणसाची दगडी हत्यारे आढळली. १९६० साली या उत्खननाचा जो वृत्तांत प्रसिद्ध झाला त्याच्या नावातच इतिहासाकडून प्रागितिहासाकडे असा प्रवास सुचविलेला आहे. पुढे १९५८ साली श्रीरामपूर तालुक्यात दैमाबाद येथील टेकाड श्री. बी. पी. बोपर्डीकर यांच्या दृष्टीस पडले. भारतीय पुरातत्त्व खात्याने तेथे १९५८-५९ साली मधुसूदन नरहर देशपांडे यांच्या, १९७४-७५ साली एस. आर. राव यांच्या आणि त्यानंतर १९७९ पर्यंत एस. ए. साळी यांच्या देखरेखीखाली उत्खनन केले. एकावर एक रचलेल्या पाच वस्त्या तेथे निघाल्या. सर्वांत खालची इ. स. पू. २२०० च्या आसपासची. सर्वांत वरची, जोर्वे संस्कृतीची, इ. स. पू. १००० च्या सुमारास संपणारी.

हे सनावळीचे आकडे तरी कशावरून, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. मडक्यावर शक कोरलेला नव्हता. परंतु चुलीतील कोळसा होता. सजीव पदार्थातील एक प्रकारचा कर्ब मृत्यूनंतर ठराविक गतीने क्षीण होत जातो व सुमारे ५७३० वर्षांत निम्मा उरतो, या तत्त्वावर १९४९ साली अमेरिकेत विलार्ड लिबी यांनी कालमापनाची रीत बसविली. १९६० नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही असे मापन होऊ लागले. आपल्या प्रवरातीरीच्या एखाद्या गृहिणीने विझविलेल्या निखाऱ्याने अशा रीतीने आपल्या प्राचीन इतिहासाची कालगणना ठरविली.

( ३ )

आता त्या माणसांनी मागे ठेविलेल्या वस्तूंकडे वळू.

जोर्वे मडके बोटाने वाजविले तर धातूच्या भांड्यासारखा खणखणीत नाद देते. माती फार बारीक गाळलेली, चाकावर फिरविलेली आणि भट्टीत चांगल्या तावावर भाजलेली असल्याखेरीज असा नाद निघत नाही. याचा अर्थ असा की त्या काळच्या कुंभारास आपल्या मातीचे व अग्नीचे गुणधर्म नेमके ठाऊक होते. हे ज्ञान त्याने लिहिले नाही. बापाने ते मुलाच्या हाताला शिकविले, आणि त्या मुलाने आपल्या मुलाच्या. शाळेवाचून चाललेले चार शतकांचे हे शिक्षण होय. शिक्षण म्हणजे केवळ पुस्तक असे समजणाऱ्या आम्हां अध्यापकवर्गास त्या मडक्याचा नाद ऐकून थोडे अंतर्मुख व्हावे लागते.

दुसरी वस्तू याहून नाजूक आहे. नेवाशास घरांच्या जमिनीखाली लहान मुलांच्या शंभराहून अधिक समाध्या निघाल्या. दोन मडकी तोंडास तोंड लावून आडवी ठेवायची व त्यांत मूल निजवायचे, अशी ती रीत होती. गावाबाहेर नव्हे, स्मशानात नव्हे, तर राहत्या घराच्या जमिनीखाली, चुलीपासून चार हातांवर! त्यांतील एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांच्या पोटात दोऱ्याचे तुकडे शिल्लक होते. सुताचा दोरा आपल्या जमिनीत तीन हजार वर्षे टिकावा ही गोष्ट सहसा घडत नाही. परंतु तांबे गंजते तेव्हा त्याचे क्षार आसपासच्या तंतूंत मुरतात व कुजविणाऱ्या सूक्ष्म जंतूंस तेथे थारा देत नाहीत. त्या दोऱ्याचे तुकडे तंतुतज्ज्ञ ए. एन. गुलाटी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि त्यांत कापूस व रेशीम ही दोन्ही आहेत असा निर्णय दिला.

प्रवरेच्या काठी, इतक्या प्राचीन काळी, रेशीम? रेशीम तर चीन देशाचे! कित्येक विद्वानांनी या निर्णयाकडे साशंक दृष्टीने पाहिले, आणि एकट्या पुराव्याकडे तसे पाहणे गैरही नव्हते. तथापि २००९ साली हडप्पा व चन्हुदडो येथील अलंकारांत अडकलेल्या तंतूंचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने परीक्षण होऊन तेथेही रेशीम असल्याचे प्रसिद्ध झाले. तेही रानटी किड्यांचे, म्हणजे याच देशातील. त्यामुळे नेवाशाच्या त्या दोऱ्याची साक्ष आता एकाकी राहिलेली नाही. एका मेलेल्या लेकराच्या गळ्यात आपल्याजवळचे सर्वांत मोलाचे ते बांधून मग त्यास निरोप देणारी आई, ही आम्हांस कोणत्याही राजवंशावळीत भेटली नसती. ती भेटली सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली.

तिसरी गोष्ट वादाची आहे. १९७४ साली दैमाबादेस एका भिल्ल रहिवाशास झाडाचे मूळ खणून काढीत असता ओतीव धातूच्या चार मूर्ती सापडल्या: दोन बैल जुंपलेला रथ व त्यात उभा असलेला पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथ ४५ सें. मी. लांबीचा आहे आणि चारही मूर्तींचे वजन मिळून ६० किलोंहून अधिक भरते. महाराष्ट्राच्या भूमीत इतक्या जुन्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या इतक्या वजनदार ओतीव मूर्ती दुसऱ्या नाहीत. त्या उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे इ. स. पू. २००० च्या आसपासच्या, असे देशपांडे, राव, साळी प्रभृतींचे मत पडले. परंतु डी. पी. अगरवाल यांनी त्यांच्या धातूचे पृथक्करण पाहून शंका काढली. या मूर्तींत शेकडा एकाहून अधिक सोमल आहे. तत्कालीन इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असे सोमलयुक्त तांबे आढळत नाही. तेव्हा त्या बऱ्याच अलीकडच्या, ऐतिहासिक काळातीलही असू शकतील.

कोणाचे खरे? येथे एक धडा घेण्याजोगा आहे. वस्तू सापडली त्या क्षणी ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडली होती, याची अभ्यासकाने केलेली नोंद नाही. आणि थर हेच पुराणवस्तूचे जन्मटिपण असते. ते नसले म्हणजे कलारसिकाची दृष्टी एकीकडे ओढते, रसायनशास्त्रज्ञाचा काटा दुसरीकडे. यात त्या रहिवाशाचा काडीइतका दोष नाही. त्याला हे शिकविण्याची तसदी कोणी घेतली होती? ज्या समाजात असली विद्या विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर जात नाही, तेथे टेकाडांची पांढरी माती गाड्या भरभरून शेतात जाते, घराच्या भिंतीत जाते, आणि तिच्याबरोबर थर नाहीसे होतात. जळालेल्या दप्तराचा आपण शोक करितो. या जळणाऱ्या दप्तराचा धूरही दिसत नाही.

( ४ )

वस्तूंनंतर हाडे. या प्रकरणी शास्त्राचाही एक काळा अध्याय वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अवश्य वाटते.

नेवाशाच्या वृत्तांतावर चार विद्वानांची नावे आहेत: सांकलिया, देव, अन्सारी आणि सोफी एर्हार्ट. मानवी सांगाड्यांची तपासणी या चौथ्या जर्मन विदुषीने केली. याच बाई नाझी राजवटीत बर्लिनच्या वंशारोग्य संशोधनकेंद्रात कामास होत्या. जिप्सी म्हणविल्या जाणाऱ्या रोमा लोकांची मोजमापे घेऊन त्यांची 'वंशानुसार' वर्गवारी लावणे हे त्या केंद्राचे काम, आणि त्या वर्गवारीच्या वाटेने सहस्रावधी रोमा छळछावण्यांत गेले. युद्धानंतर त्यांना शिक्षा झाली नाही. विद्यापीठातील अध्यापन चालू राहिले. कवटी मोजून माणसाचे मोल ठरवू पाहणाऱ्या विद्येचा हात अशा रीतीने आमच्या प्रवरेच्या काठापर्यंत येऊन पोहोचला होता.

याच ठिकाणी दुसऱ्या एका विदुषीचे स्मरण होते. श्रीमती इरावती कर्वे १९२७ नंतर बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली शिकत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतील विषमता वंशावर अवलंबून असते काय, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. गुरूंना हवे होते ते उत्तर कवट्यांनी दिले नाही. आणि इरावतीबाईंनी कवट्यांची साक्ष गुरूच्या इच्छेपुढे झुकविली नाही. वंशाशी या विषमतेचा संबंध दिसत नाही, असेच त्यांनी लिहिले. पुढे त्या डेक्कन कॉलेजातच सांकलियांच्या सहकारी झाल्या. एकाच शास्त्राच्या दोन उपासिका; हातातील मोजपट्टीही एकच. एकीची मोजपट्टी सत्तेची चाकर झाली, दुसरीची झाली नाही. संशोधन हे पद्धतीवर जितके उभे असते तितकेच ते संशोधकाच्या विवेकावरही उभे असते, हे आमच्या विद्यार्थ्यांस सांगण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

सुदैवाने पुढील पिढीने प्रश्नच बदलला. हे लोक कोणत्या वंशाचे, हे विचारणे मागे पडले. हे लोक निरोगी होते का, पोटभर जेवत होते का, हे विचारले जाऊ लागले. दातांवरील पांढरे लुकण बालपणी एकदाच बनते व पुन्हा भरून येत नाही. त्या वयात मूल उपाशी राहिले किंवा मोठ्या दुखण्याने पडले तर लुकणात आडवी खाच राहते, आणि ती जन्मभर, किंबहुना मृत्यूनंतरही हजारो वर्षे, तशीच राहते. डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकन दंतमानवशास्त्रज्ञ जॉन लुकाच यांनी शेजारच्या पुणे जिल्ह्यातील, घोडनदीच्या काठच्या, इनामगाव येथील दातांवर असा अभ्यास केला. इनामगावचे उत्खनन १९६८ ते १९८३ पर्यंत चालले होते व जोर्वे संस्कृतीचे तेवढे सविस्तर दर्शन दुसरीकडे झालेले नाही; म्हणून प्रवरेची कथा सांगताना त्या गावाचा आधार घ्यावा लागतो.

हाडांच्या जोडीस धान्य आले. जळालेले दाणे वनस्पतिशास्त्रज्ञांनी ओळखले: जव, गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. आज प्रवरेच्या काठी जव कोणी पेरीत नाही. परंतु कुळथाचे पिठले त्या काठावर अजून शिजते. राजवटी बदलतात, भाषा बदलते, देव बदलतात. डाळ मात्र चिवट असते.

( ५ )

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. इ. स. पू. १००० च्या सुमारास दैमाबाद ओस पडले. नेवासेही ओस पडले, आणि पुन्हा तेथे वस्ती झाली ती जवळजवळ आठशे वर्षांनी, सातवाहनांच्या उदयकाळी. घोडनदीवर इनामगाव आणखी तीन शतके कसेबसे तगले. परंतु तेथेही चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, मडकी ओबडधोबड झाली, शेतीचे प्रमाण घटले आणि हरणांच्या शिकारीचे वाढले. शेवटी तेही उठले. हजार वर्षे जमलेले बस्तान मोडून हे लोक गेले का?

डॉ. मधुकर केशव ढवळीकर यांचे उत्तर असे की पाऊस कमी झाला. हवामान कोरडे होत गेले, नद्यांची पात्रे आटली, शेती बुडाली, आणि शेतकरी पुन्हा अर्धा शिकारी, अर्धा धनगर झाला. पुष्कळ वर्षे हे उत्तर सर्वमान्य होते, आणि आम्ही नगर-सोलापूरकडील मंडळी तर ते ऐकताच मान डोलावतो. १८७६-७७ चा, १८९९-१९०० चा आणि १९७२ चा दुष्काळ ज्या मुलखाने सोसला, त्याला दुष्काळाने गाव उठते हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

परंतु २०११ साली अमेरिकन मानवशास्त्रज्ञ ग्वेन रॉबिन्स शुग यांनी या उत्तरास आव्हान दिले. त्यांनी नेवासे, दैमाबाद आणि इनामगाव येथील बालकांची हाडे तपासली. मांडीच्या हाडाची जाडी व लांबी यांवरून मुलाच्या शरीराचे वजन अजमावता येते. इनामगावच्या उत्तरकाळातील मुले आधीच्या पिढ्यांतील मुलांपेक्षा अशक्त निघाली. म्हणजे समाज हलाखीत होता हे ठरले. पण हलाखीचे कारण? हवामानाचा उपलब्ध पुरावा पुन्हा चाळून त्यांनी असे मांडले की त्याच सुमारास पाऊस एकाएकी घटला असे म्हणावयास भक्कम आधार नाही. दख्खनची हवा त्याच्या पुष्कळ आधीच निमशुष्क झालेली होती, आणि त्याच हवेत हे लोक कित्येक शतके सुखाने नांदले होते. मग शेतीचा ताण वाढून जमीन थकली, रान उघडे पडले, ही माणसाच्या हातची कारणे दृष्टीआड का करावी?

हा वाद केवळ पंडितांचा वाद आहे असे कोणी समजू नये. आकाश फिरले म्हणावे तर माणूस निर्दोष ठरतो व असहायही ठरतो. माणसाने जमीन थकविली म्हणावे तर तो दोषी ठरतो. परंतु त्याबरोबरच, वेगळे वागला असता तर वाचला असता, अशी आशाही त्यातूनच निघते. दोन्ही उत्तरांना मोह आहे. पहिले दैववाद्यास आवडते, दुसरे उपदेशकास. आमच्या मते संशोधकाने या दोन्ही मोहांपासून दूर राहून पुढील हाड, पुढील दाणा, पुढील गाळाचा थर तपासावा हेच बरे. कदाचित असेही ठरेल की पावसाची ओढ आणि जमिनीचा थकवा यांनी मिळून तो समाज मोडला; एरवी सोसता आले असते असे अवर्षण, थकलेल्या जमिनीवर सोसवले नाही. आजचा पुरावा पाहता आमचा कल या बाजूस आहे. परंतु कल म्हणजे निर्णय नव्हे.

( ६ )

प्रवरेचा पुढील इतिहास या वादावर आपल्या परीने भाष्य करितो. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले व डोंगरातील पाणी कालव्यांनी खाली आले. जेथे बाजरी कष्टाने होई तेथे ऊस उभा राहिला. लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि जिल्ह्याचे भाग्य पालटले. हे खरे, आणि ते कमी मोलाचे नाही. पण त्याच काठावर अति पाण्याने काही जमिनी चोपण झाल्या, क्षार फुटून वर आले, आणि काळीचा रंग पांढुरका दिसू लागला. ही पांढरी मात्र वस्तीची नव्हे, ही ओसाडीची. येथे तर आकाशाने काही केले नव्हते. १९६८ साली स्थापन झालेल्या, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील मृदाशास्त्रज्ञ या जमिनींवर जे काम करितात, ते आणि दैमाबादच्या थरांवर काम करणारे भूगर्भशास्त्रज्ञ, हे एकाच प्रश्नाच्या दोन टोकांशी बसलेले आहेत. त्यांची एकमेकांशी गाठ किती वेळा पडत असेल?

जिल्ह्याच्या दक्षिणेस जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी आरोग्याचे काम आरंभिले तेव्हा त्यांस असे दिसून आले की मुलाच्या दुखण्यावर औषध देण्यापूर्वी त्याच्या गावाला पाणी व त्याच्या पोटाला अन्न द्यावे लागते. गावातीलच, बहुधा निरक्षर, बायकांस शिकवून त्यांनी आरोग्यसेविका केले. मुलांचे वजन करणे, वाढ खुंटली आहे का ते पाहणे, हे त्या बायका करू लागल्या. या कामाची कीर्ती पुढे जगभर झाली. नेवाशाच्या मुलाचे वजन तीन हजार वर्षांनी हाडावरून अजमावले गेले; जामखेडच्या मुलाचे ते जिवंतपणीच मोजले गेले. विद्या एकच आहे: समाजाच्या प्रकृतीची नाडी पाहावयाची तर प्रथम त्याच्या लेकरांकडे पाहावे. फरक इतकाच की पहिल्या मापनाने ज्ञान मिळते, दुसऱ्याने प्राणही वाचतो.

आमच्या महाविद्यालयांतून आजही इतिहासाचा विद्यार्थी रसायनाच्या प्रयोगशाळेची पायरी चढत नाही, आणि शास्त्रशाखेचा विद्यार्थी इतिहास म्हणजे सनावळ्यांची घोकंपट्टी असे मानून त्याकडे पाठ फिरवितो. दोघेही परीक्षा उत्तीर्ण होतात. परंतु प्रवरेच्या काठी जे ज्ञान मिळाले ते या दोघांपैकी एकट्या कोणालाही मिळविता आले नसते. सांकलिया स्वतः संस्कृत व शिलालेख यांचे अभ्यासक म्हणून वाढलेले. तरी आपणांस दगड, हाड व दाणा वाचता येत नाही हे ओळखून ते वाचणारांच्या दारी गेले. या वृत्तीचे अनुकरण करावयास नवे अनुदान लागत नाही की नवी इमारत लागत नाही. महिन्यातून एकदा दोन शाखांचे अध्यापक एकाच टेबलाशी बसले, आणि आपल्याच तालुक्यातील एका टेकाडासंबंधी, एका विहिरीसंबंधी, एका शेतासंबंधी एकमेकांस प्रश्न विचारू लागले, तरी आरंभ होईल. आणि त्या टेबलाशी त्या टेकाडाशेजारी राहणाऱ्या शेतकऱ्यासही एक खुर्ची असावी. कारण काळी व पांढरी हा भेद आपल्याआधी त्यास कळला होता.

दैमाबादचे लोक का गेले याचे अंतिम उत्तर उद्या मिळेल किंवा मिळणारही नाही. ते लोक आपणांस काही लिहून ठेवून गेले नाहीत. मुलांचे दात, चुलीची राख, करपलेले दाणे एवढेच ठेवून गेले. आपण तर पुष्कळ लिहून ठेवीत आहो. परंतु आपल्या मागून येणाऱ्या संशोधकाने आपले कागद बाजूस सारून आपली जमीन, आपले पाणी आणि आपल्या मुलांची हाडे तपासावयास घेतली, तर ती साक्ष आपल्या कागदांशी जुळेल ना, एवढा प्रश्न प्रत्येक सुजाण कुटुंबाने स्वतःस विचारावा असा आहे.